उरलेले पैसे : तेव्हाचा खाऊ आणि आताचा पॉकेटमनी

आमच्या लहानपणी 'पॉकेटमनी' हा शब्द कुपवाडात कुणाच्या तोंडी नव्हता. होते ते 'खाऊचे पैसे'. दोन्ही एकच, असं आपण धरून चालतो, पण त्यात फरक आहे. खाऊचे पैसे मागून, वाट बघून, कधी कधी रडून मिळायचे. त्यांची तारीख नसायची आणि रक्कमही ठरलेली नसायची. पॉकेटमनी म्हणजे ठरलेल्या दिवशी मिळणारी ठरलेली रक्कम. म्हणजे बघायला गेलं तर पॉकेटमनीच जास्त शिस्तीचा. मग प्रत्येक पालकसभेत 'बाई, पोरांना पैशाची किंमतच राहिली नाही' हे वाक्य ऐकू येतं, ते का?

वर्गात रोज मुलांमध्ये राहून मला याचं जे कारण दिसतं ते असं. आजच्या मुलांवर खर्च खूप होतो, पण तो खर्च मुलं करत नाहीत. त्यांच्यासाठी तो दुसरं कुणीतरी करतं. वस्तू हातात येते, पैसा हातात येत नाही. आणि जो पैसा कधी हातातच आला नाही, त्याची किंमत कळणार तरी कशी?

चाराणे, आठाणे आणि दुकानाची फळी

१ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. तरी आमच्या पिढीच्या, म्हणजे १९८० नंतर शाळेत गेलेल्यांच्या बोलण्यातसुद्धा आणे टिकून होते. पंचवीस पैशांना आम्ही चाराणे म्हणायचो, पन्नास पैशांना आठाणे. पाच पैशांचं नाणं चौकोनी, दहा पैशांचं नागमोडी कडेचं, वीस पैशांचं सहा कोनांचं. सगळी ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की खिशात आहेत का नाहीत ते पुन्हा पुन्हा चाचपून बघावं लागायचं. डोळे मिटून नुसत्या बोटांनी नाणं ओळखायची आमची पैज लागायची. ३० जून २०११ नंतर चाराण्याचं नाणं चलनातून बाद झालं. आजच्या चौथीच्या मुलानं ते पाहिलेलंही नसतं.

कुपवाड तेव्हा गावच होतं. एका अंगाला एमआयडीसीतले कारखाने वाढत होते, दुसऱ्या अंगाला शेती होती. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली ती १९९८ साली. घरात पैसा बेताचाच असायचा, त्यामुळं खाऊचे पैसे कुठून कुठून यायचे हे आठवलं तरी मजा वाटते. पाहुणे निघाले की दारापर्यंत सोडायला जायची आमची घाई काही उगाच नसायची. मामा हातावर रुपया ठेवायचा, आम्ही 'नको नको' म्हणत मूठ घट्ट मिटायचो. आज्जीच्या कमरेच्या पिशवीत पानसुपारीबरोबर चिल्लर असायची. 'आज्जी, चाराणे दे की' म्हटलं की आधी तिचे पाय चेपायचे, मग पिशवीची दोरी सुटायची. वार्षिक परीक्षा संपली की पाठ्यपुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलांना निम्म्या किमतीत विकायची. काही पोरं दोरीला लोहचुंबक बांधून रस्त्याच्या कडेच्या मातीतून ओढत न्यायची. चिकटलेला लोखंडाचा चुरा डब्यात जमवून भंगारवाल्याला घालायची. कारखान्यांच्या गावातली ही खास कमाई.

आणि सगळ्यात मोठा झरा म्हणजे उरलेले पैसे. आई दोन रुपये द्यायची, 'पावशेर साखर आण, उरलेले पैसे मोजून घे' म्हणायची. दुकानातून आल्यावर तळहातावर नाणी मांडून हिशेब द्यायचा. तो बरोबर निघाला की त्यातले पाच-दहा पैसे आपले. चुकला की परत दुकानात.

ते पैसे घेऊन पुन्हा दुकानाच्या फळीपुढं उभं राहिलं की खरी परीक्षा सुरू व्हायची. बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या, रावळगावची चॉकलेटं, शेंगदाण्याची चिक्की, कागदाच्या पुडीतलं भडंग. शाळेच्या फाटकाशी आज्जीबाईची पाटी, त्यात तिखट-मीठ लावलेली कैरी, चिंचा, बोरं, आवळे. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा. हात आखडता घ्यायचा, मनात जुळवाजुळव चालायची. गोळ्या घेतल्या तर जास्त येतात, चिक्की घेतली तर पोट भरतं, आज काहीच नाही घेतलं तर रविवारी अर्धा तास सायकल भाड्यानं मिळते. दुकानदार अण्णा ओरडायचे, 'ए पोरी, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?' तरी आमचं ठरत नसे.

वर्गात दहा धडे शिकवूनही जे येत नाही ते त्या फळीपुढं येत होतं. एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते, हे कुणी समजावून सांगत नव्हतं. दहा पैसेच तेवढं सांगत होते.

श्यामनं शिवलेला कोट

खाऊचे पैसे म्हटलं की मला साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तली 'बंधुप्रेमाची शिकवण' ही गोष्ट आठवते. दापोलीला शिकायला असलेला श्याम खाऊसाठी मिळालेले आणे-दोन आणे खात नाही. साठवतो, आणि त्यातून धाकट्या भावासाठी कोट शिवून घरी नेतो. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलांचे डोळे भरून येतात आणि आपण 'भावावर प्रेम करावं' असा बोध सांगून पुढं जातो.

पण पैशाच्या बाजूनंही ही गोष्ट जरा बघा. ते पैसे श्यामचे होते. त्यानं ते खाऊन टाकले असते तरी कुणी विचारलं नसतं. कोट शिवायचा हे त्याचं त्यानं ठरवलं. वडिलांनीच 'हे घे, भावाला कोट ने' म्हणून कोट हातात दिला असता तर श्याम फक्त पोहोचवणारा झाला असता. त्याग करायला आधी स्वतःचं असं काहीतरी लागतं. मुलांनी वाटून खावं, दुसऱ्याला द्यावं असं आपण म्हणतो. पण द्यायला त्यांच्याजवळ त्यांचं म्हणून काय असतं?

'आमच्या वेळी' म्हणताना जरा सांभाळून

एवढं वाचून कुणाला वाटेल, बाई जुन्या दिवसांचे गोडवे गातायत. तसं नाही. तेव्हाचा काटकसरीपणा बहुतेक घरांत संस्कार म्हणून नव्हता, नाइलाज म्हणून होता. पैसेच नव्हते. चार घरं सोडून एखादा मुलगा असायचा ज्याला पाच पैसेही मिळायचे नाहीत. मधल्या सुट्टीत तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन खेळायचा. त्याला काही तेव्हा पैशाची किंमत कळत नव्हती, नसण्याची लाज तेवढी कळत होती.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष मंडळींच्या आठवणींत सहसा येत नाही. दुकानाला पाठवायचे ते मुलाला. मुलगी जरा मोठी झाली की तिचं दुकानाला जाणं बंद व्हायचं. म्हणजे उरलेले पैसे भावाच्या खिशात आणि हिशेबाची सवयही त्यालाच. बहिणीच्या वाट्याला राखीपौर्णिमेची आणि भाऊबीजेची ओवाळणी यायची, तीही बरेचदा 'दे इकडं, ठेवते मी' म्हणून आईकडं जायची. आज माझ्या वर्गातल्या मुली पैशांची उदाहरणं मुलांच्या बरोबरीनं सोडवतात. पण घरी सामान आणायला कोण जातं असं विचारलं तर अजूनही हात जास्त मुलांचेच वर होतात. पालकहो, हे आपल्या घरी काय चाललंय ते एकदा बघा.

'बाई, स्कॅन केल्यावर उरत नाहीत!'

आता आजचं. नाणी-नोटांचा घटक आला की आम्ही वर्गात दुकान मांडतो. रिकामी पाकिटं, खोडरबर, पेन्सिली, किमतीच्या चिठ्ठ्या आणि पुठ्ठ्याच्या नोटा. एकदा चौथीच्या एका मुलाला विचारलं, 'वस्तू ३७ रुपयांची, तू ५० ची नोट दिलीस, दुकानदार किती परत देईल?' तो विचारात पडला आणि अगदी खरेपणानं म्हणाला, 'बाई, स्कॅन केलं की बरोबर तेवढेच जातात. उरत नाहीत.'

वर्ग हसला. मला मात्र वाटलं, या पोरानं आपल्या काळातला सगळा बदल एका वाक्यात सांगून टाकला. त्याला वजाबाकी येत होती. ५० वजा ३७ फळ्यावर लिहिलं असतं तर चुटकीसरशी १३ म्हणाला असता. पण 'परत येणारे पैसे' ही गोष्टच त्यानं फारशी पाहिली नव्हती. २०१६ साली यूपीआय आलं आणि काही वर्षांत भाजीच्या गाड्यापासून चहाच्या टपरीपर्यंत तो चौकोनी क्यूआर चिकटला. मोठ्यांची सोय झाली, यात शंकाच नाही. सुट्ट्याची कटकट गेली, चिल्लर नाही म्हणून चॉकलेट हातात ठेवणंही कमी झालं. पण त्याबरोबर मुलांचा उरलेल्या पैशांचा झरा आटला, आणि ते मोजायची, हिशेब द्यायची सवयही गेली.

माझ्या वर्गात आज पैशाच्या बाबतीत तीन तऱ्हेची मुलं दिसतात. पहिली, ज्यांना मागेल ते मिळतं. वडील फोनवरून पैसे भरतात, मूल पाकीट उचलतं. किंमत किती होती विचारलं तर सांगता येत नाही. दुसरी, जी रोज दहा-वीस रुपये घेऊन येतात. बहुतेकांचे आई-वडील दोघंही कामावर जातात, सकाळच्या पाळीला निघायच्या गडबडीत डबा होत नाही आणि त्याऐवजी नोट हातात येते. हे पैसे खाऊचे नाहीत, ती न झालेल्या डब्याची भरपाई आहे. ते त्याच दिवशी संपायलाच हवेत, मूल वाचवणार कुठून? आणि तिसरी, ज्यांच्याकडं काहीच नसतं. एमआयडीसीत हंगामी कामावर असलेल्यांची, परगावाहून-परराज्यांतून आलेल्यांची मुलं यांत बरीच. तिन्ही तऱ्हा एकमेकांपासून फार वेगळ्या आहेत, पण एका गोष्टीत सारख्या. तिन्हीत मुलाला काही ठरवावं लागत नाही.

'सगळं आणून देतो, पैसे कशाला?'

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. वडील म्हणतात, 'मॅडम, पोराला काही कमी पडू देत नाही. हातात पैसे दिले की बिघडतात.' या काळजीत तथ्य आहे. शाळेच्या बाहेर काय विकलं जातं ते आपण रोज बघतो. जास्त मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२० साली केला. आपापल्या शाळेच्या फाटकापासून ५० पावलं मोजून बघा, म्हणजे नियम कुठं आणि गाडे कुठं ते कळेल. मोबाइलचंही तेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली. पण साध्या खेळातले डायमंड, कपडे, बंदुका विकत घ्यायची सोय आहेच, आणि वडिलांच्या फोनचा पिन बऱ्याच मुलांना पाठ असतो.

तरीही मला वाटतं, 'पैसेच नकोत' हा उपाय उलटा आहे. गेममध्ये पैसे जातात ते मुलाच्या खिशातले नसतात, बापाच्या खात्यातले असतात. त्या खात्याला मुलाच्या डोळ्यांना तळ दिसत नाही. शंभर गेले काय आणि हजार गेले काय, पडद्यावर एक हिरवी खूण उमटते, एवढंच. दहा रुपयांची नोट मात्र मोडली की मोडली. वाईट सवय लागायची भीती असेल तर तळ दिसणारा पैसा द्या.

आणि चुकीचा खर्च होणारच. जत्रेत घेतलेली शिट्टी घरी येईपर्यंत फुटणारच. दहा वर्षांच्या मुलानं वीस रुपये वाया घालवले तर वीस रुपयांत तो शहाणा होतो. हेच शहाणपण त्याला पंचविसाव्या वर्षी पहिल्या पगारात, हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलच्या किंवा गाडीच्या निमित्तानं यायचं असेल तर त्याची किंमत बरीच मोठी असते.

आपण काय करू शकतो?

उपदेश पुरे. घरी आणि शाळेत करता येतील अशा काही साध्या गोष्टी मांडते.

१. रक्कम छोटी, दिवस ठरलेला. पहिली-दुसरीला आठवड्याला, पाचवीनंतर महिन्याला. किती द्यायचे ते घरच्या ऐपतीप्रमाणं. दहा रुपयेही पुरतात. पण मध्येच संपले तर पुढचा दिवस येईपर्यंत नाही. रडलं तरी नाही. आज्जी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर मागल्या दारानं नोट येते.

२. रोख द्या. निदान सातवीपर्यंत तरी पैसा हाताला लागू दे. 'दहाचं नाणं चालत नाही' ही अफवा आपल्या भागात अजून अधूनमधून निघते. ते चालतं, रिझर्व्ह बँकेनं हे वारंवार स्पष्ट केलंय. मुलाला तेच देऊन दुकानात पाठवा आणि नाकारलं तर काय बोलायचं तेही शिकवा.

३. डब्याचे पैसे आणि खाऊचे पैसे वेगळे ठेवा. वही-पेनाचा खर्च त्याच्या खाऊतून काढू नका. त्याचे पैसे म्हणजे त्याचेच.

४. मार्कांना पैसे लावू नका. 'पहिला नंबर आला तर पाचशे' म्हटलं की अभ्यासही मजुरी होतो. घरातल्या कामालाही दर नको. स्वतःचं ताट उचलायचे पैसे कुणी कुणाला द्यायचे?

५. हिशेब मागा, जाब मागू नका. 'कशाला घेतलंस हे?' ऐवजी 'किती उरले?' असं विचारा. पहिल्या प्रश्नानं मूल खोटं बोलायला शिकतं, दुसऱ्यानं मोजायला.

६. आठवड्यातून एकदा मुलीला आणि मुलाला, दोघांनाही, यादी आणि रोख पैसे देऊन सामान आणायला पाठवा. उरलेले पैसे तळहातावर मांडायला सांगा. उरलेल्यातले चार त्यांचे.

७. शाळेत बचतीची सवय पुन्हा लावता येते. आमच्या लहानपणी संचयिका होती. बाई वहीत नाव आणि रक्कम लिहून घ्यायच्या आणि आपले साडेतीन रुपये झालेत याचा केवढा अभिमान असायचा. आता दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः व्यवहार करता येईल असं बचत खातं उघडायची मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिलेली आहे. आपल्या बँकेत चौकशी करा. पोस्टातही जाऊन या, मुलाला सोबत घेऊन.

८. शिक्षकमित्रांनो, पाकिटांचा एक तास घ्या. मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगा आणि त्यावरचं वजन वाचू द्या. पाकिटाची किंमत पाच-दहा रुपयेच राहते आणि आतला माल कमी होत जातो, हे मुलांना स्वतः शोधू द्या. समजा दहा रुपयांच्या पाकिटात २० ग्रॅम माल आहे, तर किलोचा भाव ५०० रुपये झाला. मग घरच्या शेंगदाण्यांचा किलोचा भाव विचारून यायला सांगा. चिप्स खाऊ नका असं ओरडायची गरज पडत नाही, फळ्यावरचा आकडा बघूनच वर्गात 'अय्योऽ' होतं.

९. आनंद बाजार भरवताना खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी ठेवा, वीस रुपयांच्या वर कुणी आणायचे नाहीत. ज्यांच्याकडं वीसही नाहीत त्यांना आधीच काम द्या. फळी लावणं, मोजदाद, विक्री. त्याचं मानधन म्हणून बाजारातच चालणारं कूपन द्या. कुणाला फुकट दिलं असं दिसू नये. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खेळायची वेळ आपल्या वर्गातल्या एकाही मुलावर येऊ नये, एवढं आपण नक्की बघू शकतो.

यातली नववी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरी काय द्यायचं ते पालक ठरवतील आणि प्रत्येकाची ऐपत वेगळी राहील. पण शाळा ही एकच जागा अशी आहे की जिथं फौंड्रीत काम करणाऱ्याच्या मुलीला आणि कारखान्याच्या मालकाच्या मुलाला सारखेच वीस रुपये देऊन 'ठरव तुझं तू' असं म्हणता येतं. दोघं एकाच फळीपुढं उभी राहतात, दोघांची सारखीच घालमेल होते, दोघंही काहीतरी घेतात आणि काहीतरी सोडतात. मुलीनं भजी सोडून रुमाल घेतला आणि मुलानं सगळ्याची भेळच खाल्ली तर खाऊ दे. दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त एवढंच विचारायचं, किती आणले होते, किती खर्चले आणि किती उरले?